प्रकल्प नोंदी: गौताळ्यातले चिंकारा आणि भेकरं, हालचालीत टिपताना

जागा: गौताळा औट्रमघाट अभयारण्याची चाळीसगाव बाजू, पाटणादेवीचा परिसर. काळ: नोव्हेंबर ते मे. काम: माळावरचे चिंकारा आणि झाडीतली भेकरं त्यांच्या रोजच्या हालचालींत टिपायची. म्हणजे चरणं, कान टवकारणं, पाय आपटणं, धावणं, झुंजणं, पाण्यावर येणं. अट एकच ठेवली आहे. प्राण्याला आमच्यामुळे एक पाऊलही जास्तीचं टाकावं लागू नये. धावणारं हरीण हवंच आहे, पण ते त्याच्या कारणाने धावलेलं हवं.

शब्दांचं आधी स्पष्ट करतो. बोलताना आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. भेकर, सांबर, चितळ ही सारंग कुळातली. नराची शिंगं झडतात आणि नवी येतात. चिंकारा, चौसिंगा आणि रोही (पुस्तकातली नीलगाय) ही कुरंगं. त्यांची शिंगं जन्मभर तीच राहतात. नोंदींत दोन्ही येतील, पण नाव प्रत्येकाचं वेगळं लिहायचं. फोटोखाली नुसतं 'हरीण' लिहिलं की पुढे त्या फोटोचा अभ्यासाला काही उपयोग राहत नाही.

२३ नोव्हेंबर

परवानगीचे कागद पूर्ण. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात शिरण्यावर बंधन आहे आणि कलम २८ प्रमाणे छायाचित्रणासाठी परवाना मिळतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिथे अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना बाधा न आणता केलेलं छायाचित्रण, असं स्पष्टच आलं आहे. म्हणजे फ्रेममध्ये आडवी येणारी बोराची फांदी छाटणं, गवत तुडवून बैठक करणं, दगड हलवणं, यातलं काहीच बसत नाही. फांदी आडवी येत असेल तर आपण सरकायचं.

त्याहून मोठी गोष्ट अशी की या कायद्यातल्या 'शिकार' शब्दाच्या व्याख्येतच प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं येतं, नुसता प्रयत्नसुद्धा. गाडी अंगावर घालून चिंकारा पळवणारा, मिठाचा खडा टाकून भेकराची वाट बघणारा, मोबाइलवर आवाज वाजवून मान वर करायला लावणारा, यांनी हे एकदा वाचावं. सोबत येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगायचं ठरलं आहे, कारण चूक बहुतेक वेळा नव्या माणसाच्या उत्साहात होते.

२४ नोव्हेंबर

कॅमेरा न घेता टेहळणी. सोबत वनमजूर आणि गावातला वाटाड्या. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, फाटक उघडल्यावर आत.

माळाचा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे. मुरूम, मध्येमध्ये काळ्या खडकाची पाठ, कुसळी गवत गुडघ्यापर्यंत, तुरळक बोर, तरवड, खैर. खाली कोरडा ओहोळ, त्याच्या दोन्ही काठांना दाट झाडी: अंजन, धावडा, सलई, पळस, आणि खाली घाणेरी माजलेली. माळ चिंकाऱ्याचा, ओहोळ भेकराचा. ही सीमारेषा हातभर रुंद म्हणावी इतकी स्पष्ट आहे.

उतारावर लेंड्यांचे चार ढीग सापडले. चिंकारा ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो आणि नर अशा जागांवरून आपली हद्द सांगतो. वरच्या लेंड्या काळ्या, ओलसर, चकचकीत असतील तर ढीग चालू आहे; सगळ्या करड्या, भुगा होणाऱ्या असतील तर सोडून द्यायचा. चारपैकी दोन चालू. रोहीचे ढीगही जवळच आहेत, पण ते मोठे आणि लेंडी ठसठशीत, घोटाळा होत नाही.

या दोन ढिगांमुळे अर्धं काम झालं. प्राणी कुठे येणार हे ठाऊक असेल तर ऊन कुठल्या बाजूने हवं आणि मागे काय दिसायला हवं, एवढंच ठरवायचं उरतं. दोन्ही ढिगांपासून ५५ ते ६५ मीटरवर बसण्याजोग्या जागा हेरल्या, तिथपर्यंतची अंतरं पावलांनी नाही, रेंजफाइंडरने मोजून वहीत लिहिली.

७ डिसेंबर

साहित्य पक्कं केलं. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १५०-६०० मिमी झूम लेन्स. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ७०-२०० मिमी एफ/२.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत). दोन बीनबॅगा, म्हणजे लेन्स टेकवायच्या पिशव्या.

बीनबॅगेत धान्य भरायचं नाही. ज्वारी-मक्याला सोंडे लागतात, उंदीर पिशवी कुरतडतात, आणि शिवण उसवून दाणे सांडले की ते अभयारण्यात टाकलेलं आमिषच. सरकी भरून पाहिली, हलकी पडते आणि दाबली की परत फुगते, लेन्स डुलते. वाळू घट्ट बसते, पण तिचा बारीक कण झूमच्या कड्यात शिरतो. शेवटी ठिबकच्या नळ्यांसाठी जे प्लास्टिकचे दाणे येतात ते भरले, एका पिशवीत अडीच किलो. जळगाव जिल्ह्यात ते मिळायला अडचण नाही. पिशवी पाऊणच भरायची. ठासून भरली तर लेन्स वर गोल फिरते, बसत नाही.

पाऊचमधलं खाणं बंद. प्लास्टिकच्या पुडीची चरचर भेकराला सगळ्यात आधी कळते. कळण्याची भाकरी आणि ठेचा सुती फडक्यात बांधून न्यायचा आणि लपणाबाहेर (बसायच्या आडोशाबाहेर) आल्यावरच सोडायचा.

८ डिसेंबर

पहिली बैठक फसली, कारण वारा. डोंगराच्या पायथ्याला थंडीत पहाटेची हवा वरून खाली उतरते. सूर्य वर आला, उतार तापू लागला की पाऊण-एक तासात ती उलटते आणि खालून वर वाहायला लागते. आम्ही ढिगाच्या खालच्या अंगाला बसलो होतो, पहाटे ते बरोबर होतं. आठच्या सुमारास हवा फिरली, आमचा वास सरळ उतारावर गेला. मादी चरता चरता थांबली, नाक वर केलं, आणि कळप न धावता, शांतपणे धारेपलीकडे गेला.

वारा बघायला कापसाचा पेळू खिशात ठेवायचा. दोन तंतू सुटे करून सोडले की कुठे जातात ते डोळ्यांना दिसतं. राखेपेक्षा हे बरं, कॅमेऱ्यावर काही बसत नाही. दर पंधरा मिनिटांनी बघायचं. पुढच्या वेळेपासून पहाटेला खालची जागा आणि हवा फिरायच्या आधी बाजूची जागा, म्हणजे वारा आडवा राहील अशी. प्राणी समोर असताना जागा बदलायची नाही. हवा फिरलीच तर तो प्राणी त्या दिवसापुरता सोडायचा.

९ डिसेंबर

शटरचा, म्हणजे ते किती वेळ उघडं ठेवायचं त्याचा, हिशेब एकदा कागदावर केला, म्हणजे जंगलात वाद नको.

चिंकारा ताशी ४० किलोमीटरने आडवा धावतोय असं धरलं तर सेकंदाला ११ मीटर. ६० मीटर अंतर, ६०० मिमी लेन्स. क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल तिथे साधारण ०.४ मिमी झाकतो. १/१००० सेकंदाला प्राणी ११ मिमी सरकतो, म्हणजे जवळजवळ २८ पिक्सेलचा फराटा. १/३२०० ला साडेतीन मिमी, सुमारे ९ पिक्सेल. कॅमेरा त्याच्यासोबत नीट फिरवला तर धडाचा फराटा जातो, पण पाय धडापेक्षा वेगाने पुढे-मागे होतात, खूर फिसकटलेलेच येतात. म्हणून धावतानाचे खूर हवे असतील तर १/२५०० च्या खाली यायचं नाही.

दुसरा हिशेब फ्रेमच्या रुंदीचा. ६० मीटरवर ६०० मिमीच्या फ्रेममध्ये जेमतेम २.३५ मीटर मावतात. प्राणी साधारण एक मीटर लांब. कॅमेरा स्थिर ठेवून त्याच्या यायची वाट पाहिली तर अख्खा प्राणी फ्रेममध्ये राहतो फक्त ०.१२ सेकंद. सेकंदाला १० फ्रेमच्या बर्स्टने (बटण दाबून धरून सलग घेतलेल्या फोटोंनी) त्यात एक फ्रेम येते. म्हणून झूम ४०० वर आणायची. प्राणी लहान दिसेल, पण कान-शेपूट कापली जाणार नाही आणि पुढे धावायला जागा राहील. कापून मोठं करणं घरी होतं, तुटलेलं शेपूट घरी जोडता येत नाही.

तिसरा हिशेब फोकसच्या खोलीचा, म्हणजे पुढे-मागे किती अंतरातलं स्पष्ट येतं त्याचा. ६०० मिमी, एफ/६.३, ६० मीटर: पुढून-मागून मिळून सुमारे २.४ मीटर. ३० मीटरला हेच ६० सेंटीमीटर. भेकर झाडीत ३० मीटरवरच दिसतं, तेव्हा डोळ्यावर फोकस नसेल तर फोटो गेलाच समजायचं.

१५ डिसेंबर

सकाळी लेन्सवर धुकं. रात्री साहित्य बंद गाडीत थंड पडलेलं, पहाटे चार माणसं काचा लावून बसली, श्वासाची सगळी वाफ थंड काचेवर. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते, आणि घाईत पुसताना मुरमाचा कण ओरखडा पाडून जातो. उपाय: पिशवीची चेन बंद ठेवायची, गाडीच्या काचा चार बोटं उघड्या, आणि थंडी सोसायची.

उलट चूकही झाली. उबदार खोलीतून लेन्स थेट बाहेर काढली की तिच्या तोंडावरच्या हूडच्या नळीत गरम हवा साचते आणि तिथेच चित्र थरथरतं. फोटो सगळे मऊ, दोष मात्र फोकसला दिला जातो. बाहेर आल्यावर अर्धा तास लेन्स हवेशी जुळू द्यायची. गाडीच्या बॉनेटवरून कधीच फोटो घ्यायचा नाही, इंजिनाची वाफ समोरून वर चढते. इंजिन बंद करून बाजूच्या खिडकीतून घ्यायचा.

२९ डिसेंबर

आज चिंकाऱ्याचं पाय आपटणं नीट मिळालं. क्रम लिहून ठेवतो, कारण हा क्रम ठाऊक असेल तर फोटो आपोआप हाताला लागतो.

लांब ओहोळात माकडांचा कालवा झाला. ढिगाजवळचा नर चरायचा थांबला. आधी शेपूट. चिंकाऱ्याची काळी शेपूट एरवी सारखी हलत असते, ती थांबली. मग दोन्ही कान पुढे, मान ताठ. मग पुढचा एक पाय गुडघ्यात वाकून वर आला आणि क्षणभर तसाच राहिला. नंतर तो खाली आपटला, खुराखालचा मुरूम उडाला, आणि नाकातून शिंकेसारखा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा. ओहोळाकडे मान, उजेड बाजूने, उडालेल्या मातीचे कण एकेक दिसताहेत. १/१६००, एफ/६.३, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ८००, ऊन तासभर चढलेलं.

शेपूट थांबली की बोट बटणावर. पाय वर दिसल्यावर दाबलं तर पाय खाली गेलेला असतो. डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला पाव सेकंद लागतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत बटण पूर्ण दाबण्याआधीच्या अर्ध्या सेकंदाच्या फ्रेम साठवायची सोय आली आहे, ती असेल तर इथे वापरावी. आमच्याकडे नाही, म्हणून शेपटीवर लक्ष.

नर नंतर धावला. साधारण दोनशे मीटर गेला आणि उभा राहून मागे वळून बघू लागला. चिंकाऱ्याची ही पक्की सवय आहे. धावणं संपतं तिथला हा थांबा अनेकांना माहीत नसतो. ते धावतानाच पूर्ण बर्स्ट संपवतात आणि तो वळतो तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो. आमच्या कॅमेऱ्याचं गणित: एका कच्च्या फाइलला सुमारे २८ एमबी, ३० फ्रेममध्ये, म्हणजे तीन सेकंदांत, कॅमेऱ्यातला तात्पुरता साठा भरतो आणि कार्ड सेकंदाला ८० एमबीने लिहीत असेल तर तो रिकामा व्हायला दहा सेकंदांहून जास्त लागतात. म्हणून चार-पाच फ्रेमचे तुकडे, मध्ये बोट उचलायचं.

११ जानेवारी

पॅनिंग, म्हणजे कॅमेरा प्राण्यासोबत फिरवत फोटो घेणं. प्राणी स्पष्ट, मागचा माळ रेघारेघांचा, असे फोटो. सूर्योदय सातनंतर, पहिल्या वीस मिनिटांत उजेड इतका कमी की १/२५०० चा हट्ट धरला तर आयएसओ आभाळाला टेकतो. तेव्हा तो हट्ट सोडून १/६० किंवा १/४० वर यावं. चिंकारा दुडकत चाललेला असेल तर १/६०, भरधाव असेल तर १/१२५ सुद्धा पुरतो.

पाय खांद्याइतके फाकवून, नाभी प्राणी जिथे निघून जाईल त्या दिशेला, आणि धड प्राणी येतोय त्या बाजूला पिळायचं. प्राणी पुढे जातो तसा पीळ सुटतो. उलट केलं तर ऐन वेळी कंबर अडते आणि चित्राला धक्का बसतो. लेन्सचं स्थिरीकरण पॅनिंगच्या मोडवर टाकायचं, म्हणजे ते फक्त वर-खालचा हादरा सावरतं. साध्या मोडवर ठेवलं की लेन्स आपल्याशीच भांडते. पंचवीसात एक फ्रेम कामाची निघाली तरी समाधान मानावं.

इलेक्ट्रॉनिक शटर आज बंद केलं. आवाज नसतो म्हणून ते मोहात पाडतं, पण आमच्या सेन्सरचं वाचन वरून खाली हळू होतं. कॅमेरा फिरताना मागचे खैर तिरपे झाले आणि प्राण्याचे पाय वाकडे आले. धावण्याला यांत्रिक शटर. आवाज नको असेल तिथे, म्हणजे ३० मीटरवरच्या उभ्या भेकराला, इलेक्ट्रॉनिक.

२५ जानेवारी

ओहोळ. भेकराच्या कामाला माळावरची सगळी शिस्त उलटी करावी लागते. ते एकटं असतं, डोकं खाली आणि मागचा भाग उंच ठेवून झाडोऱ्याखालून जातं, आणि धावलं तर दोन उड्यांत घाणेरीत गडप. त्याच्या धावण्यामागे लागायचं नाही. त्याची हालचाल म्हणजे चालणं: प्रत्येक पाय उंच उचलून, जपून, पाचोळ्यावर टेकवतं. तो उचललेला पाय, खाली लोंबणारा बारीक खूर, त्यात फोटो आहे.

जागा शोधायची खूण: माकडं कुठे खाताहेत ते बघा. बोरं, कोवळी पानं, फळं खाली पडतात तिथे भेकर येतं. आज बोरीखाली आलं. नर, कपाळापासून निघालेले लांब खुंट आणि त्यावर आखूड शिंगं, वरच्या ओठाखालून सुळ्याचं टोक दिसत होतं. डोळ्यांपुढच्या ग्रंथी उघडून त्याने तोंड गवताच्या काडीवर घासलं. ग्रंथी मिटलेली असताना ती नुसती रेघ दिसते. उघडली की डोळ्याखाली दुसरी खाच उमटते. आयएसओ ३२००, १/५००, एफ/६.३. घासताना तोंड सावकाश हलतं, १/५०० पुरतं. उजेड नसतानाही ही हालचाल मिळते, हे त्यातलं चांगलं.

काय चुकलं: ऑटोफोकसने पुढची कुसळाची काडी धरली. सगळ्या बिंदूंचा विस्तीर्ण फोकस झाडीत वापरायचा नाही. एकच लहान बिंदू, तोही डोळ्यावर, आणि फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्यायचं. काडी मध्ये आली की अंगठा उचलायचा, फोकस होता तिथे राहतो. प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय मोकळ्यावर चांगली चालते, कुसळीत गोंधळते.

परतताना मोज्यांत आणि लेन्सच्या कापडी पट्ट्यात कुसळं शिरलेली. एक जरी कॅमेऱ्याच्या पिशवीत राहिलं तर लेन्स बदलताना सेन्सरपर्यंत पोचतं. पिशवी आतून चिकटपट्टीने साफ करायची. झटकून ती निघत नाहीत, आणखी घुसतात.

१५ फेब्रुवारी

अभयारण्याच्या कडेचा हरभरा काढणीला आलाय. चिंकारे आणि रोही संध्याकाळी बांधापर्यंत येतात. इथे फोटो घ्यायचे नाहीत असं ठरवलं. कुंपणाच्या तारेशेजारी दचकलेला प्राणी तारेत अडकतो, आणि गावची मोकाट कुत्री माणूस उभा दिसला की त्या बाजूने धावत येतात. कुत्र्यांनी चिंकाऱ्याच्या मागे लागणं हा इथला खरा धोका आहे. एका चांगल्या फोटोसाठी त्यात भर नको. शेतकऱ्याचं नुकसान होतं तेही खरं, त्यामुळे बांधावर कॅमेरा घेऊन उभं राहणं कुणालाच बरं वाटत नाही.

आतल्या माळावर मात्र रोहीच्या दोन नरांची झुंज मिळाली. पुढचे दोन्ही गुडघे टेकून, माना एकमेकांवर दाबून. गुडघे टेकलेले दिसायला हवेत, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं गवतात बसलेत. म्हणून कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर नको, खांद्याएवढा वर हवा; गवत गुडघ्याएवढं आहे. खालून घेतलेला फोटो भारी दिसतो हा सल्ला इथे नडतो. नर काळपट-निळा, गवत पिवळं, कॅमेऱ्याचं मापन गवताकडे बघून नराला काळाकुट्ट करतं. म्हणून कॅमेऱ्यात उजेडाचं माप +०.७ ने वाढवलं. १/१००० पुरेसं, वेग कमीच असतो, ताकद जास्त.

१ मार्च

उन्हाची झळ सुरू. सूर्योदय पावणेसातनंतर, आणि साडेनऊला ६० मीटरवरचं सगळं लवलवायला लागलं. हे ओळखायची सोपी चाचणी: हलत नसलेल्या वस्तूवर, उदाहरणार्थ हद्दीच्या दगडावर, दहा फ्रेम घ्यायच्या. दहाही एकसारख्या मऊ असतील तर फोकस चुकतोय. काही स्पष्ट, काही वितळल्यासारख्या, कडा वेगवेगळ्या वाकलेल्या, तर ती झळ. मुरूम आणि काळा खडक गवतापेक्षा लवकर तापतो, त्यामुळे खडकावरून पलीकडे बघणारी जागा आधी निकामी होते. मोठी लेन्स, ट्रायपॉड, वेगवान शटर, कशानेही झळ जात नाही. उपाय दोनच: अंतर कमी (पण ते आपण कमी करायचं नाही, प्राणी जवळ आला तर आला) किंवा वेळ लवकरची. मार्चपासून काम सकाळी नऊपर्यंत. संध्याकाळी जमीन तापलेलीच असते, शेवटच्या अर्ध्या तासातच थोडं जमतं.

२२ मार्च

पानगळ पूर्ण. सलई उघडी, धावडा उघडा. भेकर आता ६० मीटरवरूनही दिसतं, पण पाचोळ्यावरून आपण दहा पावलं चाललो की अख्ख्या ओहोळाला कळतं. लपणात शिरायचं ते फाटक उघडताच, आणि बाहेर पडायचं ते प्राणी निघून गेल्यावर. मध्ये ये-जा नाही.

उतारावर खैराखाली चिंकाऱ्याचं पिल्लू निपचित बसलेलं दिसलं, आई आसपास नाही. त्याला कुणी टाकलेलं नसतं. पहिले काही दिवस पिल्लू असंच लपून राहतं आणि आई ठरावीक वेळी येऊन दूध पाजते. फोटो न घेता आलो त्याच वाटेने मागे. तो उतार आठवडाभर बंद.

१२ एप्रिल

कृत्रिम पाणवठा. चिंकारा झाडपाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो, भेकराला मात्र पाणी नेमाने लागतं, त्यामुळे इथे भेकराचीच वाट बघायची. लपण पाण्यापासून ४५ मीटर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि प्राणी ज्या वाटेने पाण्यावर उतरतात ती वाट पूर्ण मोकळी.

भेकर कधीच थेट येत नाही. काठाच्या झाडीत उभं राहतं, कान फिरवतं, दोन पावलं येतं, परत जातं. पंधरा-वीस मिनिटं यात जातात. या सगळ्या वेळात कॅमेऱ्याचा आवाज नाही. पाण्याला तोंड लावलं तरी नाही. पहिले घोट होऊ द्यायचे. एप्रिलच्या उन्हात शटरच्या आवाजाने न पिता परत गेलेलं जनावर पुन्हा संध्याकाळपर्यंत येत नाही, आणि पाणवठे थोडे आहेत. पोटभर पिऊन झालं की ते मान झटकन वर करतं, हनुवटीवरून पाण्याची धार सुटते. तो फोटो. १/१६००, दोन-तीन फ्रेम, बस.

लेन्सवर पांढरं सुती फडकं टाकायचं. काळी लेन्स आणि काळा कॅमेरा उन्हात हात लावू नये इतका तापतो आणि सेन्सर तापला की चित्रात दाणे वाढतात. पाण्याचं प्रतिबिंब वरच्या आभाळाचं असतं, उजेडाचं माप त्यानेही बिघडतं. माप कोरड्या मातीवर घेऊन हाताने पक्कं करायचं.

१० मे

फायलींची छाननी. निवडीचा नियम: डोळा स्पष्ट, सगळे खूर फ्रेममध्ये किंवा मुद्दाम बाहेर, आणि प्राण्याचं लक्ष आमच्याकडे नसावं. लेन्समध्ये रोखून बघणारी, कान आमच्याकडे वळवलेली जितकी चित्रं निघाली ती सगळी बाजूला. तांत्रिकदृष्ट्या त्यातली काही उत्तम आहेत. पण ती आम्हाला पाहिलेल्या हरणाची आहेत. छापायला दिलेली कुठलीही फाइल पाठवण्याआधी तिच्यातली जागेची नोंद पुसायची. लेंड्यांच्या ढिगाची आणि पाणवठ्याची नेमकी जागा चुकीच्या माणसाच्या हाती लागली तर तिथे येणारा कॅमेरा घेऊन नाही, शिकारीला येईल. तारखांसह मूळ संच वनविभागाला दिला.

उरलेलं: भुंकणारं भेकर समोरून अजून मिळालेलं नाही. आवाज सहा वेळा मिळाला, दरवेळी झाडीआडून. बिबट्याची चाहूल लागली की ते बराच वेळ, ठरावीक अंतराने भुंकत राहतं, म्हणजे वेळ पुरते, उघडी जागा पुरत नाही. ओहोळाच्या वरच्या वळणावर, अंजनाच्या खाली, घाणेरी नसलेला पंधरा मीटरचा एक पट्टा आहे. नोव्हेंबरात बैठक तिथे, गार सकाळी, ऊन मागून, म्हणजे भुंकताना तोंडातून निघालेली वाफ उजळेल. तोवर बीनबॅगा रिकाम्या करून धुवायच्या, लेन्स सिलिका जेलच्या डब्यात, जेलच्या पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर सुकवायच्या.